कोरड्या तळ्यातला गोल्फ

...अन् वर मलाच म्हनतात, "डोकं खाली ठेवा!" आता तुम्हाला सांगतो, माझं डोकं अजून किती खाली जाणार हाय? गल्लीत खाली, दुकानात खाली, घरात तर इचारूच नका, घरात लग्नाच्या दिवसापासून खालीच हाय! अन् ह्यो माणूस सकाळी सकाळी मला भेगाळलेल्या तळ्यात उभा करतो, हातात लोखंडी काठी देतो, पुढ्यात लिंबाएवढा पांढरा बॉल ठेवतो अन् म्हनतो, "शिवमूर्ती, तुमची चूक एकच होतेय, डोकं वर येतंय." काल म्हनले चूक एकच, कोपर वाकतंय. परवा म्हनले चूक एकच, पाय हलतोय. अवो, रोज एकच, रोज येगळी! मी म्हनलं, साहेब, ह्या चुका संपनार कधी? तर हसले. चष्मा पुसला अन् म्हनले, "शिकत राहायचं, शिवमूर्ती. शिकत राहायचं!"

शिकत राहायचं! माझं वय बघा, हे पोट बघा! मी भांड्याचा दुकानदार मानूस, लातूरच्या बाजारात आमचं पिढीजात दुकान, तांब्यापितळेचं, आता ॲल्युमिनियमचं पन ठेवतो. मला हंड्याला टिचकी मारून सांगता येतं जाड हाय का पातळ. पन गोल्फ? गोल्फ म्हंजे काय हे मला ठाऊक होतं का? मला वाटायचं कोणत्या तरी कापडाचं नाव असंल!

न्हाई, तुम्ही म्हनाल, मग गेलास कामून? तेच सांगून राहिलो. पाण्यासाठी गेलो, बाबांनो, पाण्यासाठी!

आमचा जिल्हा झाला बघा. उस्मानाबादेपासून येगळा काढून आमचा आम्हाला दिला. लई नाचलो आम्ही! मी स्वतः दुकानासमोर पेढे वाटले. म्हनलं, आता काय, आता समदं येनार. अन् आलं की! ऑफिसं आली, पाट्या आल्या, जीपा आल्या, साहेब आले, साहेबांचे साहेब आले... समदं आलं, फक्त पाऊस आला न्हाई. एक साल न्हाई, दुसऱ्या साली न्हाई. गल्लीतली हीर आटली. टँकर यायचा त्याच्या मर्जीनं, अन् आला की असा कालवा व्हायचा की पाण्यापेक्षा जास्ती माणसं सांडायची. मग बायका निघाल्या लांब, रेल्वेच्या रुळापलीकडं, एका मळ्यातल्या हिरीवर. डोक्यावर हंडा, कमरेवर घागर. माझ्याच दुकानातले हंडे! अन् मी गल्ल्यावर बसून बघायचो, काय करायचो?

एक दिवस सुमनबाई आल्या दुकानात. सुमनबाई म्हंजे आमच्या समोरच्या घरातल्या. आवाज असा की घरात बोलल्या तर बाजारात ऐकू यावं. म्हनल्या, "शिवमूर्ती अण्णा! गल्लीत शिकलेलं मानूस तुम्ही! त्या पाण्याच्या साहेबाकडं जावा अन् बोअरची गाडी आना! का आमी बायांनी मरेपोतर रूळ वलांडायचा?" मागं माझी बायको, गौरम्मा, उभी. तिनं नुसतं बघितलं. उदगीरकडची हाय, कानडी बोलते माहेरी, पन खरी भाषा तिच्या डोळ्यात हाय. म्हनलं, जातो.

आता ह्ये साहेब. अमृतराव साहेब. खात्याचं नाव मी घेत न्हाई, लेकराबाळाचा मानूस हाय मी. पन बोअरची गाडी कुठं जायची अन् कुठं न्हाई, ह्ये त्यांच्या हुकमावर. ऑफिसात गेलो, साहेब दौऱ्यावर. परत गेलो, दौऱ्यावर. शिपाई मला बघूनच मान हलवायला लागला. शेवटी त्यांच्या जीपचा ड्रायव्हर, मारोती, मला बाजूला घेऊन म्हनला, "मालक, दिवसभर साहेब खेड्यापाड्यात फिरत्यात, ऑफिसात गवसनार न्हाईत. सकाळी तळ्यात या."

"तळ्यात? आरं, तळ्यात पाणी कुठं हाय?"

"म्हनूनच तर तळ्यात असत्यात!"

गेलो. अन् काय बघतो! गावाबाहेरचं आमचं तळं, सपाट, कोरडं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत भेगाच भेगा, अन् मधोमध एक उंच मानूस, डोक्यावर पांढरी टोपी, हातात काठी. कमरेतून असा वळला, असा वळला, अन् ठण्! बॉल गेला की हो गगनात! मी बघतच राहिलो. त्या तळ्यात त्यांनी खेळाचं मैदान केलं होतं. नऊ जागी खड्डे, खड्ड्यात पुरलेले डबे, डब्यापाशी ज्वारीच्या धाटाला लाल चिंधी. डब्याभोवती वाळू पसरून वर जीपचं जळकं तेल शिंपडलेलं, बॉल नीट घरंगळावा म्हनून. अन् त्या काळ्या ढुस्स जागेला म्हनायचं काय? ग्रीन! हिरवं! तुम्हाला सांगतो, त्या साली आमच्या तालुक्यात हिरवं म्हनायला तेवढंच होतं.

मी हात जोडले. "साहेब, एक काम..." तर बोट वर केलं. "खेळता का?"

आता खरं काय बोलायचं होतं? न्हाई म्हनायचं होतं. पन साहेबासमोर आपल्या तोंडातून न्हाई निघतं का कधी? मी म्हनलं, "हाव."

तो एक हाव! त्या एका हावनं माझी जिंदगी बेजार केली!

साहेब लई खूश. बदली होऊन आल्यापासून एकटेच खेळत होते बिचारे. म्हनले, "वा! अखेर कोणी तरी भेटलं! पण एक सांगतो शिवमूर्ती, मैदानावर कामाचं बोलणं नाही. खेळ पुरा करायचा. नवव्या डब्यात बॉल पडला की मग तुम्ही म्हणाल ते ऐकेन. तत्त्व आहे माझं." मी म्हनलं, नऊ डबे? एवढंच ना? डबे तर आपला धंदा हाय! घेतली काठी. मारली. काठी गेली पुढं, मी गेलो मागं, बॉल जिथल्या तिथं, अन् मी बसलेला भेगेत!

"शिकत राहायचं, शिवमूर्ती," साहेब म्हनले, अन् मला हात धरून उठवलं.

त्या दिवशी दुसऱ्या डब्यालाच मारोतीची जीप आली, पों पों! साहेबांनी टोपी काढली, ऑफिसची टोपी घातली, गेले. काम राहिलं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या डब्याला पों पों. त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा बॉल भेगेत गेला, मी हात घालून उकरत बसलो, खांद्यापर्यंत हात आत, तेवढ्यात पों पों! साहेबांचे नऊ डबे कधीच झालेले असायचे, ते कडेला उभे राहून माझी वाट बघायचे, पन मी पुरा केल्याबिगर खेळ पुरा न्हाई, अन् खेळ पुरा झाल्याबिगर बोलणं न्हाई. कळलं का माझं दुखणं? नीट खेळायला आलं तरच जीपच्या आधी नववा डबा होनार. नववा डबा झाला तरच बोअर येनार. म्हंजे आमच्या गल्लीचं पाणी आता माझ्या कोपरावर येऊन थांबलं होतं!

मग काय, शिकायला लागलो. काठी धरायची कशी? साहेब म्हनले, "अंडं धरल्यासारखी. घट्ट धराल तर फुटेल, सैल धराल तर पडेल." मी म्हनलं, साहेब, आम्ही शिवभक्त मानसं, आम्ही अंडं धरत न्हाई. म्हनले, "मग पिकलेला पेरू धरा." मग दुकानात बसून मी उलथनं धरायचो, पेरूसारखं. गिऱ्हाईक म्हनायचं, "मालक, कढई दाखवा," अन् मी उभा, गुडघे वाकवून, पाठ पुढं झुकवून, मान खाली घालून, उलथनं हातात! "मालक, कंबर धरली का?" म्हनून इचारायचे. एका म्हातारीनं तर लसणाचं तेल चोळायला सांगितलं. अन् एकदा मी जरा तंद्रीत उलथनं फिरवलं, तर मागच्या फळीवरच्या घागरींची उतरंड अशी खाली आली, अशी खाली आली, की बाजारातली मानसं भूकंप म्हनून बाहेर पळाली!

बरं, शिकून तरी यावं, तर ते पन येईना! पन ह्या खेळाचं असं हाय, तुम्हाला सांगतो, हात जमला की पाय बिघडतो. पाय जमवला की खांदा उचलतो. खांदा दाबला की श्वास अडकतो. श्वास सोडला की हात इसरतो! पांघरून आखूड असल्यावानी, डोकं झाकावं तर पाय उघडा. एक दिवस मी काठी आपटली. म्हनलं, साहेब, मला न्हाई येत, माझं वय गेलं!

तर साहेबांनी काठी उचलून परत माझ्या हातात दिली. मला नवव्या डब्यापाशी नेलं. तिथं त्यांनी बॉल ठेवला, हातभर लांब, अन् हळूच ढकलला. पडला. परत ठेवला, परत ढकलला. परत. परत! मी म्हनलं, साहेब, तुम्हाला तर येतंय की, मग कामून करून राहिले? म्हनले, "काल एक चुकला होता." मग माझ्याकडं न बघता म्हनले, "शिवमूर्ती, माझे केस या खेळात पिकले. मी अजून शिकतोय. ज्या दिवशी वाटलं ना, की आता आलं आपल्याला, त्या दिवसापासून उतरण लागते. येणं-बिणं काही नसतं हो. शिकत राहायचं."

खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मला ते बोलणं आवडलं. घरी येईपर्यंत आवडलं. घरी आलो तर सुमनबाई दारात. "अण्णा, बोअर?" मी म्हनलं, शिकून राहिलो. "काय शिकून राहिले?" म्हनलं, कोपर!

गल्लीत बोभाटा झाला. शिवमूर्तीला लागीर झालं. बायका रूळ वलांडून पाणी आनून राहिल्या अन् ह्यो तळ्यात काठी फिरवून राहिला. मी समजावून सांगायचो, अगं बायांनो, काठी तुमच्यासाठीच फिरवतो! कोन ऐकतो? तुम्हीच सांगा, तुम्ही तरी ऐकलं असतं का?

अन् मग ती सकाळ. मी दुकान उघडून बसलो होतो, उलथनं हातात, अन् सुमनबाई पळत आल्या. त्यांचा तो आवाज, बाजारभर जानारा, त्या दिवशी घशातून निघंना. नुसतं हातानं दाखवलं. मी पळालो. रुळापाशी खडीवर गौरम्मा बसलेली. हंडा पडलेला. पाणी खडीत कधीच जिरून गेलेलं. मनगट असं वाकडं झालेलं... न्हाई, ते सांगत न्हाई मी. ती रडत नव्हती. मला बघून म्हनली काय? "अवो, हंड्याला पोचा आला."

मनगट मोडलं होतं. प्लास्टर घातलं. घरी आनली. अन् दुसऱ्या दिवशी बघतो तर एका हातात प्लास्टर, दुसऱ्या हातात कळशी, निघाली! मी आडवा झालो दारात. म्हनली, "मग पिनार काय? तुमचा बॉल?"

तुम्हाला सांगतो, मी तसाच तळ्यात गेलो. साहेबांसमोर उभा राहिलो. म्हनलं, साहेब, माझी बायको... तर त्यांचं बोट वर. "नववा डबा, शिवमूर्ती. तत्त्व." त्यांना काय ठाऊक हो! त्यांना वाटलं मानूस नेहमीसारखा घाई करतोय. अन् मी, ह्यो मी, बाजारात तासभर घासाघीस करनारा मानूस, त्या बोटासमोर गप!  काठी उचलली. डोळ्यात पाणी आलं. तेवढंच पाणी शिल्लक होतं बघा आमच्या गल्लीत.

त्या दिवसापासून मी पिसाळलो. घरात घोटभर पाणी पिऊन तळ्यात जायचो, साहेब यायच्या आधी. पाणी भरायला आता मीच जायचो रुळापलीकडं, अन् हंडा डोक्यावर घेऊन पन मनात कोपर, गुडघा, खांदा! वाटेत एखादा खडा दिसला की पाय आपोआप फाकायचे. अन् एक गंमत सांगू का? एवढे दिवस मी बोअरसाठी घाई करत होतो, डब्याकडं बघत होतो. आता म्हनलं, मरू दे डबा, आज फक्त पाय नीट ठेवायचा. दुसरं काही न्हाई. मग एक दिवस फक्त मान. मग फक्त श्वास. कालचं चुकलेलं आधी, नवं मागून. साहेब कडेला उभे राहून बघायचे, मान हलवायचे. त्यांनी पन मला शिकवायचं कमी केलं.

अन् मग जमलं हो! कसं जमलं मला इचारू नका. पाचव्या डब्याचा फटका होता, मधी लांबलचक भेग, पलीकडं कुनाच्या तरी शेळ्या लाल चिंधी खात उभ्या. मी काठी उचलली, अन्... टक्. एवढाच आवाज. हाताला काही लागलंच न्हाई! बॉल भेगेवरनं गेला, शेळ्यांवरनं गेला, निळ्या आभाळात बारीक झाला अन् डब्यापाशी जाऊन अलगद बसला. मी तसाच उभा. अंगावर काटा! तुम्हाला सांगतो, लग्नात बँड वाजला तेव्हा झाला नव्हता एवढा आनंद झाला. हे गौरम्माला सांगू नका.

मग सहावा, सातवा, आठवा... अन् नवव्या डब्यात बॉल पडला, डबडब वाजला, अन् मी वर बघितलं तर जीप न्हाई! रस्ता मोकळा! जीप अजून आलीच न्हाई!

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. माझा हात हातात घेतला. डोळे ओले झाले होते त्यांचे, शप्पथ सांगतो. म्हनले, "शिवमूर्ती, आज तुम्ही खेळलात! बोला. काय काम होतं तुमचं?"

बोला, म्हनले. एवढे दिवस ज्या एका शब्दासाठी मी ते उन्ह खाल्लं, भेगा उकरल्या, घागरी पाडल्या... अन् मी तोंड उघडलं अन् काय म्हनलो?

म्हनलं, "साहेब, त्या पाचव्या डब्याला माझं कोपर नेमकं कुठं होतं?"

अवो खरं सांगतो! साहेब उजळले. "हां! तेच! बघा, आज कोपर छातीशी राहिलं..." अन् त्यांनी काठी घेतली, मी काठी घेतली, ते फिरवून दाखवतात, मी फिरवून बघतो, ते म्हनतात असं, मी म्हनतो असं न्हाई का, अन् पों पों! साहेब जीपमधी बसले, धूळ उडाली, जीप बंधाऱ्यापर्यंत गेली अन् मला आठवलं. बोअर! पळालो हो! "साहेब! बोअर! साहेब!" दोन्ही हात वर करून पळालो. मारोतीनं आरशात बघितलं, त्याला वाटलं मी आनंदानं निरोप देतोय. त्यानं पन हात हलवला. लई प्रेमानं हलवला.

अन् गल्लीच्या तोंडाशी समद्या बायका उभ्या. मीच सांगून गेलो होतो ना, आज नक्की म्हनून! सुमनबाई म्हनल्या, "झालं का, अण्णा?"

"झालं," मी म्हनलं. "नववा डबा झाला."

"अन् बोअर?"

मी खाली बघितलं. बायका घागरी उचलून रुळाकडं निघाल्या.  शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गौरम्मा घरात गेली, एका हातानं चूल पेटवली अन् अर्धा कप चहा माझ्यासमोर ठेवला. अर्धाच. पाणी तेवढंच होतं.

दुसऱ्या सकाळी मी गेलो न्हाई. चादर डोक्यावर घेऊन पडून राहिलो. म्हनलं, कुठल्या तोंडानं जाऊ? कधी डोळा लागला कळलं न्हाई. जागा झालो तर घरात कुनी न्हाई, अन् गल्लीत गडगड, गडगड, घर हलून राहिलं! बाहेर येऊन बघतो तर बोअरची गाडी! एवढी मोठी, गल्लीत मावंना, सुमनबाई पुढं उभ्या राहून ड्रायव्हरला ओरडतात, "घे, घे, अजून घे, भिंतीला न्हाई लागत!" दुपारपर्यंत नुसता पांढरा फुफाटा. समद्यांची तोंडं पांढरी. मग फुफाटा ओला झाला. मग चिखल. अन् मग पाणी! आधी गढूळ, मग निवळ. म्हातारी मानसं ओंजळीनं डोळ्याला लावून राहिली. साहेब स्वतः आले होते. माझ्याजवळ येऊन हळूच म्हनले, "अहो शिवमूर्ती, एवढंच होतं तर आधी का नाही सांगितलंत? मला वाटलं दुकानाचं काही काम असेल." अन् जाताना म्हनले, "उद्या या. डोकं वर येतंय अजून."

म्हनून जातो अजून. कामून जातो इचारू नका. पन त्या दिवशी संध्याकाळी गौरम्मा नव्या पाण्यानं पोचा आलेला हंडा घासत बसली होती, एका हातानं. मी जवळ बसलो. म्हनलं, "तू तळ्यात गेलतीस?"

"हाव."

"साहेबांना काय बोललीस?"

"काय बोलायचं? हात दाखवला. गल्लीत पाणी न्हाई म्हनलं."

"अगं पन..." माझा आवाजच चढला, "खेळ चालू असताना ते कामाचं ऐकतच न्हाईत! नववा डबा झाल्याबिगर ऐकतच न्हाईत! त्यांचं तत्त्व हाय ते!"

तिनं हंडा पालथा घातला. माझ्याकडं बघितलं. अन् म्हनली,

"ते खेळनाऱ्याला. मी कुठं खेळत होते?"